बिनतारखेचा पाऊस

पुण्यात २०२५ साली मोसमी पाऊस २६ मे रोजी दाखल झाला. एरवी तो जूनच्या दुसऱ्या आठवड्यात येतो. शाळांना सुट्टी होती, गच्च्यांवर कुरडया-सांडगे वाळत होते, घरोघरी आंब्याच्या शेवटच्या पेट्या फुटत होत्या, आणि पाऊस येऊन बसला. पुढे जूनमध्ये शाळा भरल्या आणि मुलांनी ‘पहिला पाऊस’ या विषयावर निबंध लिहिले. मी पाहिलेल्या वह्यांमध्ये मृग नक्षत्र लागलं होतं, उन्हाने भेगाळलेली जमीन तृप्त झाली होती, बळीराजा आभाळाकडे डोळे लावून बसला होता आणि मातीचा सुगंध दरवळला होता. मे महिन्यात चिंब भिजलेल्या मुलांनीच हे लिहिलं होतं. खरं काय घडलं ते त्यांना ठाऊक होतं. निबंधात काय लिहायचं असतं, हेही ठाऊक होतं.

मुलांना बोल लावण्यात अर्थ नाही, कारण मोठी माणसं तेच करतात. रविवारच्या पुरवण्या उघडा, दिवाळी अंक चाळा, व्हॉट्सअ‍ॅपवर पहाटे साडेपाचला येणारे सुविचार वाचा. आषाढात मेघ दाटतात, श्रावणात ऊनपावसाचा खेळ चालतो, मार्गशीर्षात गुलाबी थंडी पडते. सिंहगड रस्त्यावरच्या पार्किंगमध्ये छातीइतकं पाणी असलं तरी ललित लेखात श्रावणसरी हळुवारच बरसतात. आपण ऋतू पाहून लिहीत नाही, आधीच्या लिखाणावरून लिहितो. ऋतूंचा भरवसा होता तोवर हे खपून गेलं. आता ते निरुपद्रवी राहिलेलं नाही, असं माझं म्हणणं आहे. ऋतूबद्दल लिहिणारा नामवंत असो की चौथीतली मुलगी, त्याने तारीख आणि ठिकाण घालावं आणि स्वतः पाहिलेलं लिहावं. मी हे साहित्याच्या शुद्धतेसाठी मागत नाही. या शहरात राहणाऱ्या माणसांना त्याची गरज आहे म्हणून मागतो.

‘काळ अनिश्चित झाला आहे’ असं आपण फार सैलपणे म्हणतो, तेव्हा या अनिश्चिततेचा पुण्यापुरता हिशेब मांडू. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री, म्हणजे पावसाने आवरतं घ्यायच्या दिवसांत, आंबिल ओढ्याला लोंढा आला. माणसं गेली, जनावरं आणि गाड्या वाहून गेल्या. २०२० मध्ये करोनामुळे आळंदी आणि देहूच्या पादुका एसटी बसने पंढरपूरला न्याव्या लागल्या. पालख्यांचा मुक्काम न पडलेलं वर्ष पुण्याने पाहिलं. २०२३ ला पाऊस इथे पोचेपर्यंत जून संपत आला होता, आणि त्या वर्षीचा ऑगस्ट देशभरात १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. २५ जुलै २०२४ च्या पहाटे मुठेचं पाणी एकतानगरीतल्या सोसायट्यांत शिरलं. तेव्हापासून ‘क्युसेक’ हा धरणातून सुटणाऱ्या पाण्याच्या मापाचा शब्द दूधवाल्यापासून निवृत्त कर्नलांपर्यंत सगळे सराईतपणे वापरतात. आणि मग २०२५ चा तो मे. हवामान खात्याने तर २०२० मध्ये मोसमी पावसाच्या सर्वसाधारण तारखाच नव्याने ठरवल्या. वायव्य भारतातून तो परतू लागण्याची तारीख १ सप्टेंबरवरून १७ सप्टेंबरवर गेली. मुंबईतून निघण्याची सप्टेंबरअखेरवरून ८ ऑक्टोबरवर. सरकारी खातं आपली तारीख बदलतं आणि आमचं ललित गद्य मात्र जागचं हलत नाही, हे जरा लाजिरवाणं आहे.

बिनतारखेच्या लिखाणाने काय होतं, ते दर जुलैत नदीकाठी दिसतं. मुठेवरचा भिडे पूल पाण्याखाली गेल्याचा व्हिडिओ फिरू लागतो. तो आजचा, गेल्या वर्षीचा की चार वर्षांपूर्वीचा, हे पाठवणाऱ्यालाही माहीत नसतं. खाली कुणीतरी ‘आत्ताचा आहे’ असं ठोकून देतं. काहीजण घाबरून नातेवाइकांना फोन लावतात. बाकीचे असे चार व्हिडिओ पाहून इतके निबर होतात, की खरोखर धरणाचा विसर्ग वाढल्याचा निरोप येतो तेव्हाही गाडी वर काढून ठेवत नाहीत. मला या दुसऱ्या गटाची जास्त भीती वाटते. तारखेविना फिरणारा पूर आणि तारखेविना लिहिलेला पाऊस यांत मोठा फरक नाही. दोन्हींना विचारता येत नाही, की बाबा रे, तू कधीचा आणि कुठला?

तारीख घालणं म्हणजे रुक्षपणा, असं मानणाऱ्यांना मी सदाशिव पेठेतल्या भारत इतिहास संशोधक मंडळाची वाट दाखवतो. १९१० साली राजवाडे आणि मेहेंदळे यांनी ही संस्था काढली ती जुने कागद जपण्यासाठी. शिवाजी महाराजांच्या जन्मतिथीचा वाद या गावात किती दशकं चालला, ते वेगळं सांगायला नको. बखरींतून चालत आलेलं वर्ष होतं शके १५४९. जेधे शकावलीत, म्हणजे जेधे घराण्याकडच्या तारीखवार नोंदींच्या यादीत, मात्र शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया अशी नोंद निघाली. बखरी वाचायला रसाळ, शकावली अगदी कोरडी. कोणत्या दिवशी काय झालं, संपलं. कारीच्या जेधे देशमुखांकडचा तो कागद टिळकांपर्यंत पोचला, छापला गेला, त्याला इतर साधनांची साथ मिळाली, आणि आज सरकारी शिवजयंती १९ फेब्रुवारीला होते. तिथीवाल्यांचा वेगळा उत्सव होतो, तोही त्याच कोरड्या ओळीतल्या तिथीवर. तारखेवरून पिढ्यानपिढ्या हमरीतुमरीवर येणाऱ्या शहराने पावसाच्या बाबतीत मात्र ‘एके दिवशी’ने भागवावं, याचं मला नवल वाटतं.

पंचांगाचा वादही इथलाच. टिळक, शंकर बाळकृष्ण दीक्षित, व्यंकटेश बापूजी केतकर या मंडळींचा आग्रह असा, की पंचांगातलं गणित आकाशाशी जुळलं पाहिजे. पंचांगात ग्रहण ज्या वेळी लिहिलं असेल त्या वेळी ते डोळ्यांना दिसलं पाहिजे. त्यासाठी परंपरेशी भांडायची त्यांची तयारी होती. ज्या मृगावर आपण इतकं गद्य पोसलं, तोही स्थिर नाही. नक्षत्रांवर बांधलेलं वर्ष ऋतूंच्या वर्षापेक्षा किंचित मोठं असतं. सत्तर-बहात्तर वर्षांत एका दिवसाचा फरक पडतो. आज सूर्य ७-८ जूनच्या सुमारास मृगात जातो. ऋतूंच्या मापाने पाहिलं तर शिवकाळात तो पाचेक दिवस आधी जात होता. मृगाचा पाऊस हा कधीतरी कुणीतरी बांधावर उभं राहून, वर्षानुवर्षं पाहून बसवलेला आडाखा आहे. त्या पाहणाऱ्यांचा मान राखायचा तर त्यांचा निष्कर्ष पाठ करून चालणार नाही. त्यांच्यासारखं पुन्हा पाहावं लागेल.

यावर हमखास येणारं उत्तर म्हणजे, नोंदी ठेवायला हवामान खातं आहे की! आहे, आणि पुण्यात तर विशेषच आहे. १९२८ साली खात्याचं मुख्यालय सिमल्याहून इथे आलं, म्हणून शिवाजीनगरच्या त्या इमारतीला आपण अजून सिमला ऑफिस म्हणतो. मुख्यालय पुढे दिल्लीला गेलं, पण काम राहिलं. पाषाणला उष्णदेशीय हवामानशास्त्राची संस्था आहे, तिची सुरुवात १९६२ ची. या लोकांच्या मोजमापाबद्दल मला आदर आहे. त्यांची मोजमापं नसती तर वरचा परिच्छेदभर हिशेब मला मांडता आला नसता. पण पर्जन्यमापक जिथे ठेवला तिथलाच पाऊस मोजतो. शिवाजीनगरला रस्ते कोरडे आणि धायरीत गुडघाभर पाणी, ही गोष्ट पुणेकराला नवी नाही. शिवाय मिलिमीटरमध्ये ओढा कुठे बुजवला ते उमटत नाही. पाणी जिन्याच्या कितव्या पायरीला लागलं, किती वाजता लागलं, भोंगा आधी वाजला की पाणी आधी आलं, समोरच्या पुलाखाली काय अडकलं होतं, हे त्या इमारतीत राहणारा माणूसच लिहू शकतो. पुराचं पाणी कुठवर येतं ते दाखवणाऱ्या निळ्या आणि लाल पूररेषेवरून नकाशांची भांडणं होतात तेव्हा अशा ओळीला किंमत येते. ‘त्या वर्षी खूप पाणी आलं होतं हो’ या वाक्याला कुठल्याच सुनावणीत किंमत नसते.

शेतात तर हे अधिकच उघड आहे. २०२५ च्या मे-जूनमध्ये शहरातले लोक ‘काय सुरेख लवकर आला पाऊस’ म्हणत भजी तळत होते. तिकडे शेतात काढून ठेवलेला कांदा भिजला. रानात पाणी साचून राहिल्याने वाफसा, म्हणजे मशागतीजोगी ओल, येईना, पेरणीआधीची मशागत उरकेना. पाऊस भरपूर आणि पेरणी खोळंबलेली, असं ते चमत्कारिक दुखणं होतं. आभाळाकडे डोळे लावून बसलेला निबंधातला बळीराजा पाऊस यावा म्हणून बसलेला असतो. त्या वर्षी खरा शेतकरी पाऊस थांबावा म्हणून बसला होता. ज्या मुलाच्या निबंधात बळीराजा आनंदला, त्याच मुलाचे आजोबा कदाचित गावाकडे त्या वेळी डोक्याला हात लावून बसले असतील. या दोन वाक्यांमधलं अंतर मराठी लिहिणाऱ्यांनी मनावर घ्यायला हवं.

दूरचं एक उदाहरण सांगतो, कारण ते फार चोख आहे. जपानात क्योटो शहरात चेरीचा बहर केव्हा आला, याची माहिती बाराशे वर्षं मागे जाते. ती कुठल्याही वेधशाळेने जमवलेली नाही. दरबारी, राजे, भिक्षू यांनी आपापल्या रोजनिशीत लिहून ठेवलं, की आज फुलं पाहायला गेलो, मेजवानी झाली, कविता म्हटल्या. हवामानबदलाचा पुरावा ठेवतोय, अशी त्यातल्या एकालाही कल्पना नव्हती. पण त्यांनी दिवस लिहिला. म्हणून २०२१ साली २६ मार्चला झाडं पूर्ण फुलली तेव्हा अभ्यासकांना ठामपणे सांगता आलं, की इतका लवकर बहर या सगळ्या नोंदींत कधीच आला नव्हता. कवितेच्या शेजारी तारीख असल्याने तिथल्या कवितेचं काही बिघडलं नाही.

आपल्याकडे वेताळ टेकडीवर दररोज पहाटे किती माणसं चालतात! पळस कधी पेटला, काटेसावर कधी निष्पर्ण झाली, पावसाआधी चातक कोणत्या दिवशी ऐकू आला, हे टिपणारे डोळे या शहरात हजारोंनी आहेत. फोटोही निघतात, तेही भरपूर. त्यांच्याखाली लिहिलेलं असतं: ‘निसर्गाची किमया’.

आता जरा कठीण आक्षेप घेऊ. लोकांच्या घरांत पाणी शिरतंय, नोकऱ्या जाताहेत, आणि तुम्ही बहावा कधी फुलला ते लिहायला सांगता? हा चैनीचा उद्योग नाही का? आक्षेप रास्त आहे, आणि तो घेणाऱ्यांत माझे काही जवळचे मित्र आहेत. उत्तरादाखल मी दुर्गाबाई भागवतांकडे बोट दाखवतो. १९५६ साली बारा महिन्यांचा निसर्ग टिपणारं त्यांचं ‘ऋतुचक्र’ आलं. त्याच दुर्गाबाई १९७५ च्या डिसेंबरमध्ये, आणीबाणी चालू असताना, कराडच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्ष होत्या. स्वागताध्यक्ष होते केंद्रीय मंत्री यशवंतराव चव्हाण. त्यांच्या उपस्थितीत दुर्गाबाई लेखनस्वातंत्र्याच्या बाजूने बोलल्या आणि पुढे १९७६ मध्ये त्यांना अटक झाली. झाडांकडे नीट पाहणारी बाई सत्तेकडे पाहताना डोळे मिटत नाही, याला मी योगायोग मानत नाही. जे समोर आहे ते आहे म्हणायची सवय एकच असते, ती झाडापाशी लागली तर व्यासपीठावरही टिकते. आणखी मागे जायचं तर तुकोबा आहेत. १६३०-३२ चा दुष्काळ त्यांनी सोसला. त्याबद्दलच्या अभंगात त्यांनी आभाळ रंगवलं नाही. द्रव्य आटलं, मान गेला, बायको अन्न अन्न करत गेली, एवढंच सांगितलं. काळ अवघड झाल्यावर मराठीला नेमकं लिहिता येत नाही, असं कुणी म्हणू नये.

एक गोष्ट मात्र माझ्या बाजूच्या लोकांना झोंबणारी आहे. नोंद ठेवायची तर ती आपल्या गळ्याशीही येऊ शकते. ‘पूर्वी पुण्यात काय थंडी असायची, आता राहिली नाही’ हे वाक्य मी लहानपणापासून ऐकतो, म्हणजे ते म्हणणाऱ्यांच्या तीन पिढ्या तरी झाल्या. जानेवारी १९३५ मध्ये पुण्याचं तापमान १.७ अंशांपर्यंत उतरलं होतं, हे खरं. पण त्या एका पहाटेवरून सगळं जुनं पुणं गारठलेलं होतं असं सिद्ध होत नाही, तसंच २०२५ च्या एका मे महिन्यावरून ‘आता पाऊस मेमध्येच येणार’ असंही ठरत नाही. वळवाने मे महिन्यात कुरडया भिजवल्याच्या तक्रारी आमच्या आज्याही करत होत्या. एक वर्ष म्हणजे हवामान नव्हे. स्मरणरंजन करणाऱ्यांना आणि प्रलय आला म्हणून ओरडणाऱ्यांना, दोघांनाही लिहिलेली तारीख सारखीच अडचणीची ठरते. म्हणून तर ती हवी.

गेल्या काही वर्षांत आणखी एक भानगड उपटली आहे. ‘पावसाळ्यावर दोनशे शब्दांचा सुंदर लेख लिही’ असं यंत्राला सांगितलं, की क्षणात लेख हजर होतो. मराठी बऱ्यापैकी शुद्ध, मृद्‌गंध ठासून भरलेला. साहित्यिक मंडळी यावर फार हळहळतात. मला हळहळ वाटत नाही. यंत्राला तो लेख जमतो, कारण आपण तो हजार वेळा लिहून ठेवला होता. आज सकाळी तळजई टेकडीच्या वाटेवर काय दिसलं, हे मात्र त्याला कुणीतरी जाऊन आल्याशिवाय सांगता येणार नाही. लिहिणाऱ्या माणसाला आपलं काम शाबूत ठेवायचं असेल, तर त्याने पाय ओले करावेत.

यासाठी नवं काही विकत घ्यायला नको. बहुतेक मराठी घरांत स्वयंपाकघराच्या भिंतीवर कालनिर्णय असतं. त्याच्या चौकोनांत आपल्या आया-बायका १९७३ पासून लिहीत आल्या आहेत: दूध दीड लिटर, गॅस लावला, बाई आली नाही, वीजबिल भरलं. मराठीतलं इतकं सातत्याचं, इतकं तारीखवार लिखाण दुसरं नसेल, आणि डिसेंबर संपला की ते रद्दीत जातं. त्याच चौकोनात ‘पहिली सर, दुपारी चार, गारा’ एवढं मावतं. कैरी महाग, लोणचं लांबलं, हेही मावतं. वर्ष संपल्यावर ती पानं ठेवून द्यावीत, इतकंच. दिवाळी अंकांच्या संपादकांनी ‘श्रावणाच्या सरी’ मागवण्याऐवजी एखाद्या वर्षी वाचकांच्या अशा बारा पानांचे उतारे मागवून छापावेत. अंक वाचनीय होईल, याची मला खात्री आहे. जाहिराती मिळतील की नाही ते संपादकांनी पाहावं.

शाळांकडून मात्र मला जास्त अपेक्षा आहे, कारण खोड तिथेच लागते. परीक्षेत ‘पावसाळ्यातील एक दिवस’ हा विषय देणं बंद करावं. त्याऐवजी विचारावं: गेल्या महिन्यात पडलेल्या एका पावसाबद्दल लिहा. तारीख, वार, वेळ आणि तुम्ही नेमके कुठे होता ते सांगा. पाणी कुठून आलं आणि कुठे गेलं? घरातलं कोण खूश झालं, कोण वैतागलं? पाऊस पडलाच नसेल तर न पडलेल्या पावसाबद्दल लिहा. असा प्रश्न आला तर बाजारातलं निबंधमालेचं एकही पुस्तक कामाला येणार नाही. काही मुलं तीनच ओळी लिहितील, काहींच्या शब्दांत मृद्‌गंधाऐवजी ड्रेनेजचा वास येईल, आणि चाळीस उत्तरपत्रिकांत चाळीस वेगळे पाऊस निघाल्यावर तपासणाऱ्या बाईंपुढे गुण कसे द्यायचे हा पेच पडेल. तो पडू द्यावा.